देवी निर्मूलन

देवी निर्मूलन : देवी या विषाणुजन्य रोगाचे जगातून झालेले संपूर्ण उच्चाटन. माणसाने प्रयत्न करून पृथ्वीवरून घालवलेला हा माणसाचा आजवरचा एकमेव रोग. जागतिक आरोग्य सभेने ८ मे १९८० रोजी तशी घोषणा केली. एकट्या विसाव्या शतकात देवीने सुमारे ३० कोटी बळी घेतल्याचा अंदाज आहे. जे वाचले त्यांच्या चेहऱ्यावर वण राहिले, अनेकांचे डोळे गेले.

मराठीत रोग आणि त्यावरचा उपाय यांना एकच शब्द आहे : देवी ‘येत’ आणि देवी ‘काढत’. इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरची देवीवरील लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा प्रवास करत, काही टप्पे एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत, मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी तेथे तीन वर्षांच्या एका मुलीला ती टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण. त्यानंतरही रोग इथे पावणेदोनशे वर्षे टिकला. लस होती, पण ती सर्वत्र आणि सर्वांपर्यंत जात नव्हती. एका देशाने रोग घालवला तरी शेजारून तो पुन्हा येई.

म्हणून १९५८ मध्ये मिनीअ‍ॅपोलिस येथील जागतिक आरोग्य सभेत सोव्हिएत संघाचे आरोग्य उपमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी जगभर एकाच वेळी मोहीम घेण्याचा प्रस्ताव मांडला. शीतयुद्ध ऐन भरात होते, आणि अमेरिकेच्या भूमीवर बोलताना त्यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी जेन्नरला लसीबद्दल लिहिलेल्या पत्राचा हवाला दिला. सोव्हिएत संघाने पुढे १४० कोटींहून अधिक मात्रा पुरवल्या. मोहिमेची धुरा अमेरिकेचे डॉ. डी. ए. हेंडरसन यांनी जिनिव्हातून वाहिली. १९६६ मध्ये मोहीम अधिक जोमाने चालवण्याचा खर्च जागतिक आरोग्य सभेत अवघ्या दोन मतांच्या फरकाने मंजूर झाला होता, हे विसरता येत नाही. १९६७ मध्ये ही वाढीव मोहीम सुरू झाली तेव्हा ३१ देशांत देवीचा कायमचा मुक्काम होता.

दोन गोष्टींनी काम सोपे केले. गोठवून सुकवलेली लस उन्हातान्हातही टिकत असे; आणि दुटोकी सुईने पूर्वीच्या चौथ्या हिश्शाएवढ्या लशीत काम भागे, शिवाय ती चालवायला कोणालाही थोड्या वेळात शिकवता येई. मात्र खरा पालट झाला तो पद्धतीत. पूर्व नायजेरियात लस अपुरी पडली, तेव्हा अमेरिकी साथरोगतज्ज्ञ विल्यम फेगी यांनी सरसकट टोचण्याऐवजी रुग्ण शोधून फक्त त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचले, आणि साथ आटोपली. रोग प्राण्यांत राहत नाही आणि पुरळ लपत नाही, म्हणून हे जमले.

भारतात १९७४ मध्ये १ लाख ८८ हजार रुग्ण आणि ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले; सर्वाधिक झळ बिहारला बसली. भारताचे डॉ. एम. आय. डी. शर्मा, जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉ. निकोल ग्रासे आणि देशोदेशींहून आलेल्या साथरोगतज्ज्ञांच्या बरोबरीने हजारो आरोग्य कर्मचारी रुग्णाचे चित्र हातात घेऊन दारोदार हिंडले. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस होते. शेवटी ते १,००० रुपयांवर गेले. मे १९७५ मध्ये आसाममधील करीमगंज येथे अखेरचा रुग्ण सापडला. एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला.

या यशाला एक डागही आहे. शेवटच्या टप्प्यात भारतात आणि बांगलादेशात काही ठिकाणी नकार देणाऱ्यांना धरून, रात्री घरांत शिरून टोचण्यात आले. साथ थांबवण्याची निकड खरी होती. पण स्वतःच्या शरीराविषयी संमती देण्याचा वा नाकारण्याचा माणसाचा हक्क तेव्हा गरिबांच्या झोपड्यांतच तुडवला गेला, हेही तितकेच खरे. मोहिमेचा गौरव करणाऱ्या बहुतेक वर्णनांत याला पुरेशी जागा मिळालेली नाही.

देवीचा विषाणू आज अधिकृतपणे दोनच प्रयोगशाळांत ठेवलेला आहे : अमेरिकेत अटलांटा आणि रशियात कोल्त्सोव्हो येथे. तो नष्ट करण्याचा निर्णय वारंवार पुढे ढकलला गेला आहे.

निसर्गतः देवी झालेला जगातील अखेरचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का येथे आढळला. तो तिथल्या रुग्णालयात स्वयंपाकी होता. टोचून घेतल्यास दुखेल या भीतीने त्याने लस टाळली होती. तो बरा झाला. पुढे पोलिओच्या मोहिमेत तो घरोघर जाऊन हीच आपली हकीकत आयांना सांगत असे, आणि २०१३ मध्ये त्याच कामावर असताना हिवतापाने वारला.