वस्तऱ्याची धार आणि दोन नकार

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी सय्यद बंडाचा वार रोखणारा जिवा महाला प्रत्येक इतिहासप्रेमीला ठाऊक असतो. नाभिक समाज त्याला आपला वीर मानतो. चित्रांत आणि पुतळ्यांत त्याच्या हातातले शस्त्र आवर्जून दिसते. त्या समाजाचे रोजच्या भाकरीचे हत्यार, म्हणजे वस्तरा, मात्र संग्रहालयाच्या काचेआड क्वचितच पोहोचले. ते राहिले जुन्या धोकटीत, नराणी आणि वाटीच्या शेजारी, गंज खात.

नीरेकाठच्या शिरवळसारख्या, पुणे-सातारा रस्त्यावरच्या जुन्या गावांत अशा धोकट्या माळ्यावरून अजूनही निघतात. सापडलेला वस्तरा लखलखीत करावा, असा मोह प्रथम होतो. तो मोह थोडा आवरावा. वस्तरा हा वाचायचा दस्तऐवज आहे आणि घासताना त्यातली अक्षरे पुसली जातात.

वाचन सुरू होते ते पात्याच्या मुठीकडच्या भागावरील ठशापासून. इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगन ही वस्तऱ्यांची दोन मोठी माहेरघरे. शेफील्डच्या पात्यावर मुकुटाशेजारी ‘व्ही आर’ ही अक्षरे असतील, तर ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, म्हणजे १८३७ ते १९०१ मधले. अमेरिकेने १८९० च्या आयातकर कायद्याने परदेशी मालावर उगमदेशाचे नाव सक्तीचे केले आणि जगभर विकणारे कारखानदार ते नाव सर्रास ठोकू लागले. म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असा ठसा असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो. पात्याची घडणही बोलते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पाते पाचरीसारखे जाड असते. उत्तरार्धात दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली, पातळ, हलकी पाती आली. ठसाच नसेल, तर ते स्थानिक लोहाराचे कामही असू शकते आणि ती अधिक मोलाची गोष्ट ठरेल.

पण सर्वांत बोलकी खूण म्हणजे पात्याची रुंदी. वस्तरा धारेच्या दगडावर आडवा टेकवतात, तेव्हा त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. धारेचा कोन त्यामुळे आपोआप साधतो आणि दोन्हीकडचे पोलाद थोडे थोडे झिजत जाते. हौशी साहेबाचा वस्तरा शंभर वर्षांनीही रुंद राहतो. धोकटीतला वस्तरा झिजून अरुंद झालेला असतो. ही झीज म्हणजे हजारो हनुवट्यांचा हिशेब आहे. तिला दोष समजून पाते ‘सरळ’ करू पाहणारा कारागीर तो हिशेबच फाडतो.

मुठीची कथा निराळी. ती बहुधा दोन पट्ट्यांची असते. शिंगाची, हाडाची, लाकडाची, क्वचित हस्तिदंताची. इथली म्हशी-रेड्यांची शिंगे जहाजाने विलायतेला जात आणि मुठी होऊन परत येत. कच्चा माल आणि पक्का माल यांचे वसाहतीतले नाते शिकवायला पाठ्यपुस्तकातल्या नकाशापेक्षा ही मूठ बरी. १८७० नंतर सेल्युलॉइड आले, हस्तिदंताची हुबेहूब नक्कल करणारे. ते जुने झाले की विघटन पावते, त्यातून आम्लधर्मी वायू सुटतो आणि शेजारचे पोलाद गंजून चाळणी होते. सेल्युलॉइडची मूठ घासली, तर कापराचा वास येतो. अशी मूठ कुजू लागली असेल, तर ती पात्यापासून वेगळी करून ठेवण्यावाचून इलाज नाही. मूठ खरोखरच हस्तिदंताची निघाली, तर तिची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, हेही ध्यानात असावे.

डागडुजीचे काम संयमाचे आहे. आधी धारेवर चिकटपट्टी लावावी, कारण गंजलेला वस्तराही बोट कापतो. मग पितळी रिव्हेटचे डोके बारीक कानशीने घासून ते ठोकून काढतात आणि पाते मुठीतून सुटे होते. लाल भुकटीसारखा गंज जिवंत असतो. तो तेल आणि बारीक पॉलिश पेपरने, पात्याच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने काढावा. काळसर डाग स्थिर असतात, ते राहू द्यावेत. यंत्राच्या चाकावर पाते धरणे हा अक्षम्य प्रकार. पातळ धार क्षणात तापते, निळी पडते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. मग ते पाते धार धरत नाही. शिंगाची वाकलेली पट्टी गरम पाण्यात नरम करून दाबाखाली सरळ करता येते. किडीने कुरतडलेल्या खाचा मात्र बुजवू नयेत. शेवटी सुमारे दीड मिलिमीटर जाडीची नवी पितळी तार छोट्या हातोडीने दोन्ही बाजूंनी फुलवून मूठ पुन्हा जोडतात.

वस्तरा जुळला. आता तो कोणावर चालला, हा प्रश्न उरतो आणि सातारा जिल्ह्यात त्याचे उत्तर सोपे नाही.

गावगाड्यात न्हावी बलुतेदार. हजामतीचे पैसे हातोहात मिळत नसत. सुगीला धान्याचे बलुते मिळे. वस्तरा कोणावर चालवायचा, हे म्हणून त्याच्या एकट्याच्या मर्जीवर नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्यातील बालपण नोंदवले आहे. शहरात न्हावी पुष्कळ होते, पैसे देण्याची ऐपतही होती. पण अस्पृश्य म्हणून एकही न्हावी त्यांच्या घरातल्या मुलांचे केस कापत नसे. ते काम थोरली बहीण करी. हा पहिला नकार.

दुसरा नकार मुंबईतला, पण त्याच्या प्रेरणेचा एक धागा शिरवळजवळच सुरू होतो. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच खंडाळा तालुक्यातले. विधवा झालेल्या उच्चवर्णीय स्त्रियांचे केशवपन हा फुले दांपत्याच्या संघर्षाचा विषय होता. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. १८९० साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवण्यास नकार दिला. वार्ता विलायतेतल्या वृत्तपत्रांपर्यंत गेली. त्याच वर्षी १० जूनला गिरण्यांना रविवारची सुटी मान्य झाली आणि २८ नोव्हेंबरला जोतीराव निवर्तले.

या संपाचे श्रेय बहुतेक वेळा पुढाऱ्यांना देऊन विषय संपवला जातो. ते अपुरे आहे. नकार देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत होती. शहरात रोख मजुरी होती, एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे येई. बलुत्यावर जगणाऱ्या गावच्या न्हाव्याला तेच पाऊल वर्षभराच्या दाण्याला मुकवणारे ठरले असते. हा संप शहरात घडला, याचा एक अर्थ असाही लावता येतो. आणि एक अडचणीचे सत्य उरतेच. विधवेच्या वेदनेपुढे थांबलेला वस्तरा दलिताच्या उंबऱ्यापुढेही थांबतच राहिला. एकाच हत्याराचे हे दोन नकार एका तराजूत घालता येत नाहीत आणि एक सांगून दुसरा झाकताही येत नाही.

पुढे जिलेटचा सुरक्षित वस्तरा १९०३ पासून विक्रीला आला आणि दाढी हळूहळू घरातच होऊ लागली. एड्सविषयी जागृती झाल्यावर दुकानांतही दर गिऱ्हाईकाला नवे पाते हा नियम रुजला. दगडावर लावायचा जुना वस्तरा धोकटीत परतला.

तो बाहेर काढणाऱ्याने पॉलिश पेपर हातात घेण्याआधी ठशाचे छायाचित्र घ्यावे, पात्याची रुंदी मोजावी आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. वस्तरा कोणी आणला, कोणाच्या हातून कोणाकडे आला, कोणत्या घराकडून सुगीला किती पायली जोंधळा येई आणि कोणत्या वस्तीत ती धोकटी कधीच गेली नाही, हे सारे विचारून लिहून ठेवावे.