गळालेली विशेषणे

क्रीडापत्रकारितेतील निष्काळजीपणाची चर्चा बहुधा अशुद्धलेखनापुरती, फार तर 'धुव्वा उडवला', 'लोळवले' अशा झिजलेल्या क्रियापदांपुरती होते. त्याहून गंभीर दोष सहसा नजरेस येत नाही, कारण तो मजकुरात नसलेल्या शब्दाचा असतो. गाळलेले एखादे विशेषण इतिहास कसा बदलते, हे महाराष्ट्रातील तीन उदाहरणांवरून पाहता येईल.

पूना क्लबच्या मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन विक्रम समोर दिसत असताना काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला. प्रथम श्रेणी सामन्यांतील भारतीय फलंदाजाचा तो उच्चांक आजही अबाधित आहे. यातून 'प्रथम श्रेणी' हे शब्द वगळले की विधान असत्य ठरते. कारण जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या.

दुसरे उदाहरण खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. 'स्वतंत्र' हा शब्द मात्र पुष्कळदा गळतो. तो गळाला की १९०० साली पॅरिसमध्ये धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवणारा, कलकत्त्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड नाहीसा होतो. प्रिचर्ड भारताचा की ब्रिटनचा, हा वाद आहेच. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती त्याची पदके भारताच्या नावे मांडते. पण वाद असणे आणि वादाचा पत्ताच नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय लोकवर्गणीच्या आधाराने हेलसिंकी गाठणाऱ्या खाशाबांना अतिरंजित बिरुदाची गरज नाही.

तिसरे उदाहरण अलीकडचे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक पटकावले, तेव्हा महाराष्ट्राला ७२ वर्षांनी ऑलिम्पिक पदक लाभल्याचे लिहिले गेले. येथे 'वैयक्तिक' हा शब्द गळाला आणि त्याबरोबर १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमधील सुवर्णविजेत्या हॉकी संघातला मुंबईकर मर्विन फर्नांडिसही.

मथळ्याला जागा कमी असते, बातमी रात्री उशिरा येते, हे खरे. परंतु मथळ्यातली काटकसर मजकुरात उतरते, मजकूर कात्रणात जातो आणि पुढचा वार्ताहर त्या कात्रणालाच पुरावा मानतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित आहे: एका लेखनिकाने गाळलेला शब्द त्याच्या प्रतीवरून झालेल्या साऱ्या प्रतींत गळतो. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी अनेक प्रती ताडून पाहिल्या. क्रीडापानाला तेवढा अवकाश मिळणार नाही. उपसंपादकाने 'पहिला', 'सर्वोच्च', 'इतक्या वर्षांनी' हे शब्द दिसताच थांबून 'कशातला?' एवढे विचारले, तरी पुष्कळ साधेल.

पूना क्लबपासून फार दूर नसलेल्या, मुळशी तालुक्यातील लवळे येथे आज पत्रकारितेचे शिक्षण दिले जाते. तेथे आणि इतरत्रही संपादनाच्या तासाला ही तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि एकेक विशेषण पुसून पाहावे. प्रत्येक वेळी कोणाचे तरी नाव पुसले जाते, हे विद्यार्थ्यांना निराळे सांगावे लागणार नाही.