गॅरेजमधले विमान

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विज्ञान-शिक्षकांच्या शिबिरात ‘विमान कसे उडते’ या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी आपल्या सातवीच्या वर्गातील प्रश्न सांगितला. मुलाने विचारले होते, “बाई, मोटार आणि विमान जवळपास एकाच काळात आले ना? मग मोटार शेजारच्या काकांकडे आहे, विमान का नाही?” बाईंनी उत्तर दिले होते, “महाग असते म्हणून.” हे उत्तर बरोबर आहे ना, असे त्या मला विचारत होत्या.

चूक नाही, पण अपुरे आहे. विमान घराघरात पोहोचेल असे जाणत्या माणसांना मनापासून वाटत होते, असा एक काळ होऊन गेला. त्या काळातील लहान विमानांची किंमत आवाक्याबाहेरची नव्हती. आजही अमेरिकेत जुने, दोन आसनांचे विमान चांगल्या नव्या मोटारीच्या किमतीत मिळू शकते. तरीही ते शेजारच्या काकांकडे नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन येथील धावपट्टीवरून जेफ्री डी हॅविलंड यांनी ‘मॉथ’ नावाचे लाकडी, कापडाने मढवलेले, दोन आसनांचे विमान प्रथम उडवले. डी हॅविलंड यांना पतंग-फुलपाखरांचा नाद होता. नाव त्यातूनच आले. या विमानाचे पंखही पतंगासारखे मागे मिटत. पंखांचा विस्तार सुमारे नऊ मीटर. मिटल्यावर रुंदी जेमतेम तीन मीटर उरे. मोटारीच्या मागे बांधून घरी न्यावे आणि गॅरेजमध्ये ठेवावे, अशी कल्पना.

इंजिनाची कथा त्याहून मजेची आहे. पहिल्या महायुद्धातील आठ सिलिंडरच्या रेनॉ इंजिनांचा मोठा साठा धूळ खात पडला होता. फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने त्यातील चार सिलिंडरांची एक रांग घेऊन नव्या बैठकीवर बसवली, आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे स्वस्त इंजिन तयार झाले. साठा संपत आला तेव्हा त्यानेच ‘जिप्सी’ हे नवे इंजिन बनवले. १९२९ च्या सुमारास जिप्सी मॉथची किंमत ६५० पौंड होती. गरिबाला ती परवडणारी नव्हती. पण डॉक्टर, वकील, लहान कारखानदार यांना जुळवाजुळव करता येण्याजोगी होती.

मग अडले कोठे? याचे उत्तर मे १९३० या एकाच महिन्यातील दोन प्रसंगांत सापडते.

इंग्लंड-भारत हे अंतर एकट्याने विमान चालवून कापणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे येत होता. दोघांकडेही जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. ॲस्पी तेथे अडकून पडला होता. कारण काय? वादळ नव्हे, पंख मोडला असेही नव्हे. त्याला स्पार्क प्लग हवे होते! जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. ॲस्पी ११ मे रोजी कराचीला पोहोचला आणि थोडक्या फरकाने बक्षीस त्याला मिळाले. (हाच ॲस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.) ही गोष्ट खिलाडूपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण मला तीत दुसरेही काही दिसते. हजारो किलोमीटर उडण्याची क्षमता असलेले यंत्र मुठीत मावणाऱ्या वस्तूसाठी जमिनीवर बसून होते.

त्याच आठवड्यांत एमी जॉन्सन ही इंग्लिश तरुणी जुनी जिप्सी मॉथ घेऊन एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली होती. विमानाच्या देखभालीचा, म्हणजे ‘ग्राउंड इंजिनिअर’चा, सरकारी परवाना तिने आधीच मिळवला होता. एक जादा पंखा तिने विमानाच्या अंगाला बांधून घेतला होता. झाशीजवळ इंधन संपत आल्याने ती लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरली. पुढे रंगूनजवळ इनसीन येथे एका तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानाला रेसकोर्स समजून ती उतरली. पंखा मोडला आणि एका पंखाचे कापड फाटले. जादा पंखा कामी आला. कापडासाठी मात्र तेथील मंडळींनी घरचे शर्ट दिले, कारण महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचेच ते शिवलेले होते. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. वृत्तपत्रांनी तिच्या धैर्याचे पोवाडे गायले. ते योग्यच होते, पण तो मेकॅनिकचा परवाना नसता तर धैर्य किती पुरले असते, कोण जाणे.

आपल्याकडचा अनुभवही असाच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डीं.नी पस मॉथ या लहान विमानातून कराचीहून जुहूला टपाल आणले. वाटेत अहमदाबादला इंधन भरले. ते बर्मा-शेलच्या डब्यांतून, बैलगाडीने आलेले होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरून जाई. मग सारा मुक्काम पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. मोटारीला रस्ता लागतो, विमानाला तो लागत नाही, असे आपण म्हणतो. पण मोटारीचा रस्ता, पेट्रोल पंप आणि मिस्त्री हे सर्व बैलगाडीच्या जुन्या वाटेवरच वाढले. विमानाला ते दर उतरण्याच्या जागी नव्याने उभे करावे लागले.

येथे भौतिकशास्त्राचा भाग येतो. सपाट रस्त्यावर मोटार चालते तेव्हा इंजिन आपल्या पूर्ण शक्तीचा लहानसा हिस्साच वापरत असते. लहान विमानाचे इंजिन मात्र प्रवासभर पूर्ण शक्तीच्या ६५ ते ७५ टक्के भार वाहते. वजन तर वाढवता येत नाही. शिवाय बंद पडल्यावर कडेला थांबण्याची सोय नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. बॅटरी निकामी झाली तरी इंजिन चालू राहते. सुमारे २,००० तासांनंतर इंजिन पूर्ण उघडून नवे करावे, अशी उत्पादकांची शिफारस असते, आणि तो खर्च मालकाची झोप उडवणारा असतो.

त्यातही सर्वांत कपटी शत्रू म्हणजे कार्ब्युरेटरमधील बर्फ. आपल्या माठातील पाणी गार का होते, हे आपण वर्गात शिकवतोच. बाष्पीभवनाला उष्णता लागते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे बाष्पीभवन होते, तसेच अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाबही उतरतो. त्यामुळे आतील तापमान वीस-तीस अंशांनी घसरू शकते. हवा दमट असेल तर बाहेर २० अंश सेल्सियसचा प्रसन्न दिवस असतानाही आत बर्फ साचतो आणि इंजिन गुदमरते. अपघातानंतर तपासणी होईपर्यंत हा बर्फ वितळून गेलेला असतो! उपाय साधा आहे. एक दांडा ओढून धुराड्याभोवती तापलेली हवा आत घ्यायची. मात्र तो वेळेवर आठवावा लागतो.

ही आठवण ठेवण्याचे ओझे माणसाच्या डोक्यावरून काढून यंत्रावर टाकावे, असा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९३३ मध्ये तेथील नागरी हवाई खात्याचे प्रमुख यूजीन व्हिडाल यांनी ७०० डॉलरच्या विमानाची कल्पना मांडली. त्या किमतीत विमान कधीच बनले नाही. पण सोप्या विमानाच्या ध्यासातून फ्रेड वाइक यांचे ‘एरकूप’ १९३७ मध्ये उडाले. पायाने चालवायचे सुकाणू त्यात नव्हते. मोटारीसारखे चाक फिरवले की वळणे आपोआप साधत, आणि गरगरत कोसळणे जवळपास अशक्य होते. युद्ध संपताच ते न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानात, साड्या-पातळांशेजारी म्हणावे तसे, विक्रीला मांडले गेले. १९४६ मध्ये अमेरिकेत सुमारे ३५ हजार नागरी विमाने तयार झाली. १९४७ मध्ये हा आकडा निम्म्याहून खाली आला. १९४८ मध्ये तो सात हजारांच्या आसपास होता.

लष्कराची जुनी विमाने स्वस्तात विकली जात होती, हे एक कारण. पण लोकांनी हिशेब केला, हे मोठे कारण असावे असे मला वाटते. विमान शिकायला सोपे झाले होते. ढग मात्र होते तेथेच होते. विमानतळ घरापासून दूर होता, आणि उतरल्यावर गावात जायला पुन्हा मोटारच लागे.

हा हिशेब मी जवळून पाहिला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी संशोधनासाठी अमेरिकेत असताना माझ्या एका सहकाऱ्याचा चार आसनी सेस्ना विमानात चौथा हिस्सा होता. विमान आम्हा दोघांपेक्षाही वयाने मोठे. त्यालाही कारण आहे. अपघातानंतरच्या दाव्यांच्या बोजामुळे सेस्ना कंपनीने १९८६ मध्ये लहान विमाने बनवणे थांबवले होते. १९९४ मध्ये अठरा वर्षांहून जुन्या विमानांबाबत उत्पादकांना संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा कुठे ते पुन्हा सुरू झाले. साहजिकच आकाशात जुनी विमाने फार.

उड्डाणापूर्वी तो टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल एका पारदर्शक नळीत काढून पाही. रात्री अर्धवट भरलेल्या टाकीत दव धरते. पाणी जड असल्याने तळाशी बसते. निळ्या पेट्रोलाखाली रंगहीन थर दिसला की ओतून द्यायचे आणि पुन्हा पाहायचे. त्या पेट्रोलात शिसे असते. भारतातील मोटारींतून ते २००० साली हद्दपार झाले, पण विमानांच्या या इंजिनांत ठोके बसू नयेत म्हणून ते अजून वापरात आहे. पर्याय आता कुठे येऊ लागले आहेत. तेच शिसे प्लगवर साचते आणि प्लग साफ करावे लागतात. एका रविवारी आम्ही दोघांनी आठ प्लग घासले. त्या दिवशी उड्डाण झालेच नाही.

खर्चाचे गणित वर्गात सहज देता येईल. समजा, जागेचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी मिळून वर्षाला ६,००० डॉलर लागतात. वर्षात १२० तास उडलात तर तासाला ५० डॉलर पडतात. ३० तास उडलात तर २००. पेट्रोल निराळे. म्हणजे विमान न उडवणे हेच सर्वांत महाग! त्यात न उडवलेल्या इंजिनाला आतून गंज चढतो, हे वेगळेच.

एकदा चारशे किलोमीटरवरच्या परिषदेला विमानाने जायचे आमचे ठरले. दोन तासांचा प्रवास. मी आदल्या रात्री झोपलो नाही. सकाळी पाहतो तर ढग खाली उतरलेले. ढगांतून उडण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. मी म्हणालो, “थोडे थांबून पाहू या, दुपारपर्यंत उघडेल.” आमचे निबंधवाचन दुपारीच होते, हे तो विसरला नव्हता. त्याने एकदा वर पाहिले, विमानावर आच्छादन पुन्हा चढवले, दोऱ्या खुंट्यांना घट्ट बांधल्या आणि मोटारीची किल्ली माझ्या हातात दिली. “तू चालव,” तो म्हणाला, “मी वाटेत निबंध पुन्हा वाचतो.”