औषध-विषबाधा (विषमाहिती केंद्रांकडील नोंदी)

औषध चुकून, अतिमात्रेत किंवा हेतुपूर्वक घेतल्याने होणारी विषबाधा. दूरध्वनीवर सल्ला देणारे अमेरिकेतील पहिले विषमाहिती केंद्र १९५३ मध्ये शिकागो येथे निघाले. भारतात नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय केंद्र आहे.

अशा केंद्रांकडील नोंदींत वयानुसार ठळक फरक दिसतो. सहा वर्षांखालील मुलांत घटना बहुधा अपघाती असते : उशाशी ठेवलेली आजीची रक्तदाबाची गोळी किंवा गोड सिरप. पौगंडावस्थेत हेतुपूर्वक सेवन वाढते, तर वृद्धांत तीच मात्रा विसरून पुन्हा घेतली जाते. पालकांकडून मापाची चूकही होते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत दर मिलिलिटरला १०० मिग्रॅ. औषध असते, तर साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ मिग्रॅ.; थेंबांचे औषध सिरप समजून चमचाभर पाजल्यास मात्रा चौपट होते.

वेदनाशामके नोंदींत अग्रभागी असतात. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आठ तासांच्या आत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो (पहा : यकृत; प्रतिविष). त्यामुळे लक्षणांपेक्षा सेवनाची वेळ, गोळ्यांची संख्या व मुलाचे वजन यांची विचारपूस आधी होते.

अशा माहितीचा उपयोग वेष्टनाच्या नियमांसाठी होतो. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने बालरोधक झाकणांची सक्ती शक्य झाली, ब्रिटनने १९९८ मध्ये पॅरासिटामॉलच्या पाकिटातील गोळ्यांवर मर्यादा घातली (पहा : औषधनिर्मिती, विषविज्ञान).