रुपयांचा चषक आणि मुलींचें मैदान

यवतमाळ जिल्ह्यांत हुतुतूची पकड लहान मुलालाहि समजावून सांगावी लागत नाहीं. रग्बीचें नांव मात्र तेथें परकें वाटेल. अंडाकृति चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें, प्रतिपक्षानें मिठी मारून पाडावयाचें, आणि चेंडू हातानें देणें झालें तर तो मागून येणाऱ्या सोबत्याकडेच द्यावयाचा, असा हा खेळ आहे. भारताशीं त्याचें नातें बरेंच जुनें आहे.

१८७३ सालीं कलकत्त्यास इंग्रजांनीं रग्बीचा एक क्लब काढला. तो फार दिवस टिकला नाहीं. क्लब मोडतांना शिलकेंतले चांदीचे रुपये आटवून सभासदांनीं एक चषक घडविला. त्याला नागांच्या मुठी आहेत आणि झांकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांचे संघ त्या कलकत्ता चषकासाठीं झुंजत आले आहेत. नाणें येथलें खरें. परंतु त्या मैदानांत भारतीय स्त्रीला पाऊल ठेवण्यासहि जागा नव्हती.

युरोपांतील स्त्रियांनाहि ही वाट लवकर मोकळी झाली नाहीं. त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९८२ सालीं हॉलंड व फ्रान्स यांच्यामध्यें झाला, आणि पहिली विश्वचषक स्पर्धा १९९१ सालीं वेल्समध्यें भरली. भारताच्या स्त्रिया पंधरा जणींच्या सामन्यांत प्रथम उतरल्या त्या जून २०१८ मध्यें, सिंगापूर येथें. त्या वेळीं त्यांच्या पदरीं पराभव आला. पुढल्याच वर्षीं, २२ जून २०१९ रोजीं, मनिला येथें त्यांनीं सिंगापूरचाच २१-१९ असा पराभव केला. पंधरा जणींच्या खेळांतील भारताचा तो पहिला विजय होय.

भारतीय संघाचें नेतृत्व केलेल्या वाहबिझ भरुचा या पुण्याच्या. त्या व्यवसायानें फिजिओथेरपिस्ट आहेत. मुलगी असा खेळ खेळूं लागली म्हणजे घरांतील वडील माणसें म्हणतात, "हात-पाय मोडला तर पुढें कसें व्हावयाचें?" ही भीति खोटी नव्हे. परंतु सांधे व स्नायू यांची दुखणीं ओळखणें हाच जिचा धंदा, तिनेंच हा खेळ वर्षानुवर्षें खेळावा, हें त्या शंकेला मोठें उत्तर आहे. योग्य शिक्षण मिळाल्यास शरीर पडावयास शिकतें आणि पडून उठावयासहि शिकतें.

मनिला येथें अखेरच्या मिनिटांत पेनल्टीचा निर्णायक चेंडू दोन खांबांमधून मारणारी सुमित्रा नायक ही ओडिशाची. आदिवासी मुलांसाठीं चालविलेल्या भुवनेश्वरच्या निवासी संस्थेंत ती शिकली. तेथें तिला अभ्यासाबरोबर मैदान मिळालें आणि शिकविणारा मिळाला.

श्रोतेहो, पांढरकवडा, मारेगांव, झरी-जामणी या भागांतहि गोंड व कोलाम मुली आश्रमशाळांत शिकतात. डोंगर चढण्याची, पाणी वाहण्याची, शेतांत राबण्याची ताकद त्यांच्या अंगीं आहेच. ती ताकद खेळांत उतरावयाची तर मुलींसाठीं राखलेलें मैदान हवें, रोजचा एक तास हवा, आणि पडलेल्या मुलीला घरीं न धाडतां पुन्हां उभी करणारा शिक्षक हवा. पुण्याच्या आणि ओडिशाच्या मुलींनीं चेंडू पुष्कळ पुढें नेला आहे. रग्बीच्या नियमाप्रमाणें तो आतां मागून धांवत येणारीकडेच यावयाचा आहे. तो झेलावयास यवतमाळची एखादी मुलगी तेथें असावी, एवढी व्यवस्था करणें हें आपलें काम आहे.