रेघेच्या आत, सिॲटल १९९९

१ डिसेंबर १९९९ची सकाळ. सिॲटलच्या पाइन स्ट्रीटवरून तुम्ही वेस्टलेक पार्ककडे निघाला आहात. कालचा अश्रुधूर अजून डोळ्यांत चुरचुरतो आहे. वेस्टलेक नावालाच पार्क. खरं तर मोठमोठ्या दुकानांमधला एक फरसबंदी चौक. नाताळच्या खरेदीचे दिवस, पण कितीतरी दुकानांच्या काचांच्या जागी प्लायवूड ठोकलेलं दिसतं.

काल घडलं ते कोणत्या क्रमाने घडलं हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे अनेकदा ते उलट सांगितलं जाणार आहे. पहाटेपासून हजारो माणसं हातात हात गुंफून चौकाचौकांत ठाण मांडून होती. जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेला निघालेल्या प्रतिनिधींची वाट अडली आणि पॅरामाउंट थिएटरमधला उद्घाटनाचा कार्यक्रम रद्द झाला. दहाच्या सुमारास सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू आणि युनियन स्ट्रीटच्या चौकात पोलिसांनी धूर सोडला. काळ्या कपड्यांतल्या एका गटाने दुकानं फोडली ती त्यानंतर. बसून राहिलेल्यांनी काचेला हातही लावला नव्हता. संध्याकाळी ७ पासून संचारबंदी लागली, नॅशनल गार्डला पाचारण झालं.

आज महापौर पॉल शेल यांच्या आदेशाने शहराच्या मध्यभागाभोवती एक रेघ आखली गेली आहे. प्रतिनिधी, रहिवासी, दुकानांचे मालक आणि तिथे नोकरी करणारे यांना आत मुभा आहे. निषेध करायला आलेल्यांना नाही. जमावबंदीचं १४४ कलम ऐकत मोठे झालेल्या तुम्हाला यात नवल वाटणार नाही, पण इथली गोष्ट जरा वेगळी आहे. गर्दी किती हे इथे कोणी मोजत नाही. तुम्ही आत कशासाठी आलात ते पाहिलं जातं. परिषदेविरुद्धचा फलक हातात असला तर पोलीस तो काढून घेतात. धुरापासून बचावाचा मुखवटा विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं, सगळ्यावर बंदी आली आहे. समोरच्या पोलिसाच्या तोंडावर मात्र तोच मुखवटा आहे.

तुम्ही फरशीवर बसता. आजूबाजूला विद्यार्थी आहेत, कामगार आहेत, कासवं वाचवायला आलेले पर्यावरणवादी आहेत. यांचं सगळंच तुम्हाला पटेल असं नाही. परिषदेत भारताची बाजू मांडायला वाणिज्यमंत्री मुरासोली मारन आले आहेत. कामगारांच्या हक्कांच्या अटी व्यापाराला जोडायला भारताचा विरोध आहे. अमेरिकी कामगार संघटनांना नेमक्या त्याच अटी हव्या आहेत. शिवाय तुम्ही महाराष्ट्रातून आलात. तिथे शेतकरी नेते शरद जोशींनी खुल्या व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाची उघड बाजू घेतली होती आणि कितीतरी शेतकऱ्यांना ते पटलंही होतं. तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाशी तावातावाने भांडा, खुशाल भांडा. पण त्याला इथून उचलून नेणाऱ्याकडे पाहून मान डोलावू नका. उद्या आयात कापसाविरुद्ध विदर्भातला शेतकरी रस्त्यावर बसेल तेव्हा त्यालाही एवढीच जागा लागणार आहे.

पोलीस चौकाला वेढा घालतात. मनगटांवर प्लॅस्टिकची पट्टी चढते आणि करकचून आवळली जाते. सैल करायची तर कापावीच लागते. तुम्ही काय केलंत, हे कोणी विचारत नाही. बस तुम्हाला सँड पॉइंटच्या जुन्या नौदल तळावर नेते. तिथे वकील भेटू द्या म्हणून लोक तासन्‌तास बसमधून उतरत नाहीत. पुढे कोठडीतही पुष्कळ जण नाव सांगायला नकार देतात. नाव नसलं की एकेकाला वेगळं काढणं अवघड होतं. आठवडाभरात सुमारे ६०० जणांची धरपकड होते. ३ डिसेंबरला परिषद काहीही ठरवल्याविना संपते, आणि काही दिवसांत पोलीसप्रमुख नॉर्म स्टॅम्पर पद सोडत असल्याचं जाहीर करतात. बसलेल्या लोकांवर धूर सोडणं ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक होती, असं पुढे ते स्वतःच मान्य करणार आहेत.

आता २००७ मध्ये या. वेस्टलेकमधल्या अटकांना पुरेसं कारण नव्हतं, शहराने त्या माणसांचे घटनात्मक हक्क मोडले, असा निर्णय ज्युरी देते. शहर दहा लाख डॉलर मोजून तडजोड करतं. सात वर्षांनी का होईना, न्याय झाला असं तुम्हाला वाटतं.

पण थोडं मागे, २००५ मध्येही डोकावा. तिथे अपील न्यायालयापुढे प्रश्न होता तो त्या रेघेचाच. हिंसाचार आटोक्यात आणायला एवढी बंदी घटनेत बसते, असं तीनपैकी दोन न्यायाधीशांनी ठरवलं. तिची अंमलबजावणी कशी झाली, एवढाच वाद त्यांनी पुढच्या सुनावणीसाठी मोकळा ठेवला. शांतपणे बोलू पाहणाऱ्या सगळ्यांनाच गप्प करणारी ही बंदी गरजेपेक्षा फार मोठी आहे, असं तिसरे न्यायाधीश रिचर्ड पाएझ यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी निकालपत्रात वेगळं नोंदवलं.