भिंतीवरचं शिसं

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्न निघालं की आपण रंगकाम काढतो. आज आम्ही तुम्हाला या रंगांचा थोडा इतिहास सांगणार आहोत, कारण त्यातलं शिसं अजूनही पुष्कळ जुन्या दारांवर आणि खिडक्यांवर आहे.

आपल्या आज्या जमीन शेणानं सारवायच्या, भिंतीला पांढरी माती किंवा चुना द्यायच्या, तुळशीवृंदावनाला गेरू लावायच्या. शिसं आलं ते तेलरंगाच्या डब्यातून. शिशाचा सफेदा जवसाच्या तेलात घोटला की रंग दाट बसतो आणि ऊनपाऊस सोसतो. शिशाच्याच दुसऱ्या क्षारापासून झगझगीत पिवळा आणि नारिंगी मिळतो; त्यात निळा मिसळला की हिरवा. देवाला लावतो तो पारंपरिक शेंदूरही शिशाचाच.

सफेद्यानं कामगारांच्या पोटात कळा येतात, हात लुळे पडतात, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. लहान मुलांकडे मात्र उशिरा लक्ष गेलं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात 1892 साली डॉक्टरांनी मुलांमधली शिशाची विषबाधा नोंदवली. शिसं येतं कुठून, हे कळत नव्हतं. 1904 मध्ये लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी घराच्या रंगाकडे बोट दाखवलं. तिथल्या लाकडी घरांना व्हरांडे असत. उन्हानं कठड्याच्या रंगाची भुकटी व्हायची, कठडा धरून खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागायची आणि तेच हात तोंडात जायचे. पुढे 1922 साली क्वीन्सलँड राज्यानं मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी हा रंग लावायला कायद्यानं बंदी केली.

अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाई 1910 च्या सुमारास सफेद्याच्या कारखान्यांतून फिरल्या. कामगार हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात, असं त्या काळी सर्रास म्हटलं जाई. बाईंनी दाखवून दिलं की मुख्य दोष श्वासातून आत जाणाऱ्या धुळीचा आणि वाफेचा आहे. 1919 मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. 1921 साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये असा करार केला, काही अपवाद ठेवून.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सगळं ठाऊक होतं. जस्ताचा पांढरा रंग होता, टायटॅनियमचाही येत होता. तरी अमेरिकेत जाहिरातींमध्ये लहान मुलांची चित्रं दाखवून शिशाचा रंग विकला गेला, आणि घरगुती रंगांवर बंदी यायला 1978 साल उजाडलं.

आपल्याकडे नियम निघाला 2016 मध्ये आणि लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. घराच्या रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं चालत नाही. त्याआधी दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेनं बाजारातले डबे तपासले होते. चकचकीत ऑइलपेंटमध्ये शिसं पुष्कळ सापडलं, भिंतीच्या प्लास्टिक पेंटमध्ये अगदी कमी.

पण नियम नव्या डब्याला आहे, खिडकीवरच्या जुन्या थरांना नाही. मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. त्याची बुद्धी आणि वाढ मागे पडते, आणि बाहेरून काही दिसत नाही. बाईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणी रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं. इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही.

म्हणून जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. पाणी मारून ओला करा, मगच पॉलिश पेपर लावा. जुना रंग जाळून काढू नका. त्या दिवसांत गरोदर बाई आणि मुलं दुसरीकडे असू द्या. पोपडे झाडूनं उडवू नका. ओल्या फडक्यानं टिपून पिशवीत बांधा. खिडकीची चौकट आणि पाळण्याजवळची भिंत आधी बघा, कारण मुलांचे हात तिथंच जातात. कामाचे कपडे वेगळे धुवा. नवा डबा घेताना शिशाचं प्रमाण वाचा. दुकानदाराला विचारायला लाजू नका. कारखाने आणि वाहनांसाठीचे रंग या नियमात येत नाहीत, म्हणून उरलेला तसला रंग पाळण्याला किंवा खेळण्याला लावू नका. मुलाच्या तोंडात पोपडे गेल्याचं दिसलं, तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा.

ब्रिस्बेनमध्ये कठड्यावरच्या हातांकडे कुणीतरी नीट पाहिलं, म्हणून हे उमगलं. आपल्या घरात ते पाहणं आपल्यालाच जमेल.